कुर्त्यावर हाताने फुलं भरायची आहेत, तर नेमकं काय काय घ्यावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: शंभर रंगांच्या दोऱ्यांचा तयार किट मागवला आणि भाचीच्या पांढऱ्या सुती कुर्त्याच्या गळ्याभोवती फुलं भरली. भरताना दोरा सारखा गुंतत होता, मधेच पिंजून तुटत होता. कापड ताणून धरणारी रिंग काढल्यावर फुलांभोवती चुण्या दिसल्या आणि पहिल्याच धुण्यात लाल रंग पसरला. आता चांगलं सामान कोणतं, याची पूर्ण यादी तुम्हाला हवी आहे.

यादी देते. पण तुमच्याकडे सामान कमी पडलेलं नाही, उलट जास्तच आहे. अडचण अशी आहे की सुई, दोरा आणि कापड या तिघांची आपसांत जोडी जुळलेली नाही. किटमध्ये कंपनी एकाच जाडीच्या सुया घालते, रंग भरपूर घालते आणि कापडाचा विचार कोणी करत नाही. या तिघांची जोडी जुळली तर बाकीचं सामान एका लहान डब्यात मावतं. ती जुळली नाही तर महागातली कात्री आणि दिवा घेऊनही दोरा पिंजतच राहतो.

काही गोष्टी तुमच्या प्रश्नातून कळत नाहीत, आणि त्यांवर उत्तर बदलतं. कुर्ता शुद्ध सुती आहे की पॉलिस्टर मिसळलेला? घरी हाताने धुता की मशीनमध्ये? नक्षी छापून भरता की धागे मोजून? मी असं धरते की कापड कुर्त्याला नेहमी वापरतात तसलं केंब्रिक आहे, धुणं घरीच होतं आणि फुलं छापून भरायची आहेत. यातलं काही वेगळं असेल तर कुठे काय बदलेल ते ओघात सांगते.

सुरुवात कापडापासून करू, कारण दोऱ्याचे पदर आणि सुईचा नंबर तेच ठरवतं. नव्या सुती कापडात खळ असते आणि ते पहिल्या एक-दोन धुण्यांत आटतं. कापड किती आटेल हे ओळखायचा सोपा उपाय आहे. कोपऱ्यात पक्क्या शाईच्या पेनाने किंवा दोऱ्याच्या टाक्यांनी २० सेंटिमीटरचा चौकोन आखा, कापड दोन-तीन तास कोमट पाण्यात भिजवा, नेहमी धुता तसं धुवा, वाळवा आणि पुन्हा मोजा. एक बाजू १९ सेंटिमीटर भरली तर कापड पाच टक्के आटलं. न धुतलेल्या कापडावर तुम्ही आठ सेंटिमीटरचं फूल भरलंत तर धुतल्यावर त्याच्या खालचं कापड चार मिलिमीटरने आखडणार. दोरा तेवढा आखडत नाही, म्हणून कापड त्याच्याभोवती गोळा होतं. तयार कुर्ता असेल तर भरण्याआधी दोनदा धुवा. थोडा ओलसर असतानाच इस्त्री करा म्हणजे विणीचे धागे सरळ बसतात.

सरावासाठी अर्धा मीटर मांजरपाट किंवा केसमेंट घ्या. स्वस्त आहे, वीण दिसते आणि सुई सहज जाते. मलमल सुंदर दिसते, पण नवशिक्याने तिच्यावर सुरुवात करू नये. मागून फिरवलेला प्रत्येक दोरा समोरून सावलीसारखा दिसतो आणि एक टाका जरा ओढला की छिद्र पडतं. जॉर्जेट, सॅटिन आणि टी-शर्टचं ताणलं जाणारं कापडही सध्या बाजूला ठेवा. टी-शर्टवर भरायचंच असेल तर मागून धुण्यात विरघळणारा किंवा फाडून काढता येणारा आधार लावावा लागतो. नाहीतर रिंगमध्ये ताणलेलं कापड सुटलं की आक्रसतं आणि नक्षी गोळा होते.

आता दोरा. ज्याला आपण सरसकट 'भरतकामाचं रेशीम' म्हणतो, ते बहुतेक वेळा रेशीम नसतं. तो सहा पदरांचा सुती दोरा असतो. अँकर किंवा डीएमसी या कंपन्यांची एक लडी ८ मीटरची येते. त्याची चमक मर्सराइज करण्यातून येते. सूत कॉस्टिक सोड्याच्या द्रावणातून काढलं की तंतू फुगून गोलसर होतात, चमकतात, जास्त मजबूत होतात आणि रंग जास्त पितात. इंग्लंडच्या जॉन मर्सरने या पद्धतीचं पेटंट १८५० मध्ये घेतलं, नाव त्याच्यावरूनच पडलं. चांगल्या सुती दोऱ्याचा रंग टिकतो त्याचं एक कारण हे, आणि दुसरं म्हणजे रंगवल्यावर सुटा रंग नीट धुऊन काढलेला असतो. स्वस्त लडीत हे दुसरं काम अर्धवट राहतं. तुमचा लाल पसरला तो बहुधा त्यामुळेच.

शंभर रंगांच्या किटमध्ये दोरा अनेकदा पॉलिस्टरचा असतो. ओळखायचं असेल तर दोन इंचांचा तुकडा चिमट्यात धरून वाटीवर जाळून बघा. सुती दोऱ्याला कागद जळाल्यासारखा वास येतो आणि मऊ राख पडते. पॉलिस्टर वितळतो आणि टोकाला टणक गोळी होते. पॉलिस्टर वाईटच असं नाही, पण तो निसरडा असतो, त्याला गाठी लवकर पडतात आणि टाका कापडावर बसण्याऐवजी उचलून राहतो. शिकताना हात बसत नसेल तर दोष हाताचा की दोऱ्याचा हेच कळत नाही. म्हणून मी नवशिक्यांना शंभर रंगांऐवजी दहा-बारा चांगल्या लड्या घ्यायला सांगते. फुलांसाठी एकाच रंगाच्या तीन छटा, पानांसाठी हिरव्याच्या तीन, देठासाठी एक तपकिरी, मधल्या ठिपक्यांसाठी पिवळा, आणि उरलेल्या तुमच्या आवडीच्या. छटेचा नंबर जपून ठेवा. तोच रंग दोन कंपन्यांत वेगळ्या नंबराने येतो: काळा डीएमसीत ३१०, तर अँकरमध्ये ४०३. लडीवरचा कागद फेकून दिलात तर सहा महिन्यांनी तीच छटा दुकानात डोळ्यांनी जुळवत बसावं लागतं, आणि ट्यूबलाइटखाली ती जुळत नाही.

कोणताही गडद रंग, विशेषतः लाल, मरून, गडद निळा आणि काळा, कापडाला लावण्याआधी तपासायचा. वीतभर तुकडा साबणाच्या कोमट पाण्यात बुडवा, पांढऱ्या सुती कापडाच्या घडीत ठेवा, वर वजन ठेवा आणि वाळू द्या. घडीवर डाग उमटला तर तो दोरा धुण्याच्या कपड्यावर वापरायचा नाही. मीठ किंवा व्हिनेगर घातलं की रंग पक्का होतो असं सगळीकडे सांगतात, पण आधीच रंगवून आलेल्या सुती दोऱ्यावर त्याने भरवशाचा फरक पडत नाही. त्यापेक्षा दोरा बदलावा.

सहा पदरांतून किती घ्यायचे? केंब्रिकच्या कुर्त्यावर दोन किंवा तीन. मलमलीवर एक, फार तर दोन. खादी, केसमेंट, जाड लिननवर तीन-चार. सहाच्या सहा पदर एकदम घेऊन पातळ कुर्त्यावर भरलं की कापडाला ते वजन पेलत नाही, आणि तुमच्या चुण्यांचं एक कारण हेही असू शकतं. पदर वेगळे करण्याची रीत नीट शिकून घ्या, कारण अर्धा गुंता इथेच सुरू होतो. दोरा बोटांच्या टोकांपासून कोपरापर्यंत, म्हणजे साधारण ४५ सेंटिमीटर कापा. एका हाताच्या चिमटीत वरचं टोक सैलसं धरा, दुसऱ्या हाताने एकच पदर पकडा आणि सरळ वर ओढून काढा. खाली उरलेले पाच पदर गोळा झाल्यासारखे दिसतील. घाबरू नका, पदर पूर्ण निघाला की ते आपोआप सरळ होतात. असे हवे तेवढे पदर एकेक करून काढायचे आणि मग पुन्हा शेजारी ठेवून एकत्र करायचे. दोन-तीन पदर एकदम खेचलेत तर ते एकमेकांभोवती पीळ घेतात आणि तिथेच गाठ बसते. एकेक काढून पुन्हा जुळवलेले पदर सपाट पडतात, त्यामुळे पाकळी जास्त भरलेली दिसते.

लांबीचा मोह टाळा. पुन्हा पुन्हा ओवायला नको म्हणून मीटरभर दोरा घेतला की तो प्रत्येक टाक्यागणिक कापडातून घासत जातो. शेवटचे टाके घालेपर्यंत त्याची लव सुटलेली असते आणि चमक गेलेली असते. शिवाय सुई बोटांत थोडी थोडी फिरते, तसा दोऱ्याला पीळ चढतो. दहा-बारा टाक्यांनंतर सुई मोकळी लोंबू द्या, ती स्वतःभोवती फिरून पीळ उतरवते. नेढ्यात दोरा एकाच जागी घासू नये म्हणून सुई मधूनमधून थोडी सरकवत राहा.

आता सुई, कारण दोरा पिंजायचं खरं कारण बहुतेक इथेच असतं. सुई कापडात जे छिद्र पाडते, त्यातून दोरा जातो, पण नेढ्यापाशी तो दुहेरी झालेला असतो. सुई बारीक असेल तर ही दुहेरी जाडी छिद्रातून कोंबून काढावी लागते. कान देऊन ऐका: दोरा ओढताना 'खर्र' असा आवाज येत असेल आणि शेवटी हिसका द्यावा लागत असेल, तर सुई एक नंबर जाड घ्या. उलट, दोरा गेल्यावर टाक्याच्या दोन्ही टोकांना टिपक्यासारखं छिद्र उघडं राहत असेल तर सुई जाड आहे. बरोबर सुईने दोरा आवाज न करता सरकतो आणि छिद्र टाक्याखाली झाकलं जातं.

भरतकामाची सुई टोकदार असते आणि तिचं नेढं शिवणाच्या सुईपेक्षा लांबट असतं, म्हणजे सुट्या पदरांना शेजारी शेजारी बसता येतं. दुकानात 'एम्ब्रॉयडरी' किंवा 'क्रूअल' म्हणून मागा. नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक, हे आधी उलटं वाटतं. एका पदराला १० नंबर, दोन पदरांना ९ किंवा ८, तीनला ७, चारला ६ किंवा ५, आणि सहा पदर एकत्र असतील तर ४ किंवा ३. एकाच नंबरचं पाकीट घेण्यापेक्षा ३ ते ९ किंवा ५ ते १० असं मिश्र पाकीट घ्या. बुलियनचे, म्हणजे सुईवर दोऱ्याचे वेढे गुंडाळून घालायच्या टाक्याचे, गुलाब करायचे असतील तर मिलिनर सुई वेगळी लागते. तिचं नेढं आणि दांडा एकाच जाडीचे असतात, म्हणून गुंडाळलेल्या वेढ्यांतून ती अडकल्याशिवाय निघते. साध्या भरतकामाच्या सुईने बुलियन करताना नेढ्याचा फुगवटा वेढ्यांत रुततो आणि लोक आपल्याच हाताला दोष देतात.

सुई ओवताना दोरा नेढ्याकडे नेऊ नका. दोऱ्याचं टोक अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत असं दाबून धरा की जेमतेम एक मिलिमीटर दिसेल, आणि नेढं त्यावर आणून बसवा. जात नसेल तर सुई उलटी फिरवून बघा. नेढं ठोकून पाडलेलं असतं, त्याची एक बाजू दुसरीपेक्षा गुळगुळीत असते. सुईही संपते, हे लक्षात ठेवा. टोक कापडाचा धागा खेचू लागलं किंवा दांड्याची चकाकी जाऊन ती बोटाला खरखरीत लागली की बदला.

धागे मोजून करायचं काम असेल तर वरचं बरंचसं बदलतं. मॅटी किंवा आयडा या मोजता येईल अशा विणीच्या कापडावर क्रॉस स्टिच, म्हणजे फुलीचा टाका, करताना बोथट टोकाची टॅपेस्ट्री सुई लागते, कारण सुईने धागा भेदायचा नसतो, दोन धाग्यांमधल्या भोकातून जायचं असतं. १४ काउंटच्या आयडाला, म्हणजे इंचात १४ घरं असतील तर, २४ नंबरची सुई आणि दोन पदर. १६ किंवा १८ काउंटला २६ नंबर. तिथे दोऱ्याचा हिशेबही आधी मांडता येतो. ८ मीटरची लडी दोन-दोन पदरांत वाटली की २४ मीटर दोरा होतो. १४ काउंटवर एका फुलीला पुढचं-मागचं मिळून साधारण ९ मिलिमीटर लागतात, म्हणजे कागदावर २६०० च्या वर फुल्या निघतात. पण प्रत्येक ४५ सेंटिमीटरच्या दोऱ्यातले सुरुवातीचे आणि शेवटचे मिळून दहा-बारा सेंटिमीटर वाया जातात, म्हणून मी एका लडीत १८०० फुल्याच धरते. पार्श्वभूमी भरायची असेल तर त्या रंगाच्या सगळ्या लड्या एकदमच घ्या, कारण नंतरच्या खेपेतल्या रंगात बारीकसा फरक येऊ शकतो आणि सलग भरलेल्या भागात तो पट्ट्यासारखा दिसतो.

कर्नाटकी कशिदा हे याचं सुरेख उदाहरण आहे. गवंती, मुरगी, नेगी आणि मेंथी हे चारही टाके धागे मोजून घालतात. ना छपाई, ना गाठ. गवंती आणि मुरगी तर दोन्ही बाजूंनी सारखी दिसते. त्या कामाला सुई, दोरा आणि वीण मोजता येईल असं कापड एवढं पुरतं. सामान किती लागतं हे तंत्रावर ठरतं, ते असं.

रिंगबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण चुण्यांचा निम्मा प्रश्न इथे आहे. कुर्त्याच्या कामाला ५ किंवा ६ इंची लाकडी रिंग पुरते, बाहेरच्या रिंगला पितळी स्क्रू असलेली. त्यापेक्षा मोठी घेतलीत तर मधल्या भागापर्यंत बोटं पोहोचत नाहीत आणि मधलं कापड सैल पडतं. घेताना दोन्ही रिंगा एकमेकींत बसवून उजेडासमोर धरा. मधे कुठे फट दिसली तर ती रिंग घेऊ नका, त्या जागी कापड सरकणार. गुळगुळीत प्लॅस्टिकच्या रिंगेत सुती कापड लवकर सुटतं.

घरी आणल्यावर आतल्या रिंगला सुती पट्टी गुंडाळा. जुन्या धोतराची किंवा सुती साडीची दोन सेंटिमीटर रुंद पट्टी फाडा. ६ इंची रिंगला साधारण दोन मीटर पुरते. पट्टी तिरकी, प्रत्येक वेढा आधीच्या निम्म्यावर येईल अशी घट्ट गुंडाळत न्या आणि शेवट आतल्या बाजूला टाके घालून पक्का करा. या एका कामाने कापडावरची पकड इतकी सुधारते की नवी रिंग घेतल्यासारखं वाटतं. शिवाय लाकडाचे डाग आणि कडेच्या वळ्याही कमी उमटतात.

कापड लावताना स्क्रू आधी अर्धाच आवळा. उभ्या धाग्याच्या दिशेने वर-खाली ओढा, मग आडव्या धाग्याच्या दिशेने, आणि मग स्क्रू पूर्ण आवळा. टिचकी मारली की ढोलकीसारखा आवाज आला पाहिजे. तिरकं कधीच ओढू नका. तिरक्या दिशेला कापड रबरासारखं ताणलं जातं. तुम्ही गोल फूल भरता आणि रिंग काढल्यावर ते अंड्यासारखं लांबट होतं. दिवसाचं काम संपलं की रिंग काढून ठेवा. आठवडाभर तशीच राहिली तर घडीची गोल खूण पक्की बसते आणि तिथे धूळही धरते.

गळ्याच्या कडेला रिंगमध्ये धरायला कापडच उरत नाही, हा कुर्त्याचा खास प्रश्न. अर्धी रिंग मोकळी राहिली की त्या बाजूचं कापड सैल पडतं आणि चुण्या पडतात. तयार कुर्ता असेल तर गळ्याच्या कडेला हातभर जुन्या कापडाची पट्टी मोठ्या धावदोऱ्याने जोडा आणि रिंग त्या पट्टीसकट लावा. काम झालं की धावदोरा उसवायचा. त्याहून चांगलं म्हणजे कुर्ता शिवण्याआधीच भरणं: शिंप्याकडून गळ्याचा आकार कापडावर आखून घ्या, पण कापू देऊ नका. भरून, धुऊन, इस्त्री करून मग कापायला द्या.

तुमच्या चुण्या नेमक्या कशाच्या, हे त्या कधी दिसल्या त्यावरून ओळखता येतं. रिंग काढल्या काढल्या दिसल्या तर कापड रिंगमध्ये सैल होतं, टाके ओढून घातले, किंवा मागच्या बाजूने एका फुलावरून दुसऱ्यावर लांब दोरा ताणून नेला. रिंग काढल्यावर ठीक होतं आणि धुतल्यावर चुण्या आल्या, तर कापड आटलं. तुमच्या वर्णनावरून पहिला प्रकार दिसतो. दोन फुलांमधलं अंतर सेंटिमीटरपेक्षा जास्त असेल तर दोरा तिथे संपवून नव्याने सुरू करा.

सुरुवात आणि शेवट गाठीने करू नका. कुर्ता अंगाला घासतो, गाठ टोचते, इस्त्रीत समोरून फुगवटा दिसतो आणि धुण्यात कधीतरी सुटते. दोन पदरांचं काम असेल तर एकच पदर दुप्पट लांबीचा, ९० सेंटिमीटर घ्या, मधोमध दुमडा आणि दोन्ही मोकळी टोकं नेढ्यात ओवा. पहिला टाका घालून सुई मागे आणली की ती मागच्या फासातून काढायची आणि ओढायचं, दोरा अडकला. तीन पदर असतील तर जो भाग पुढे भरून झाकला जाणार आहे, तिथे दोन-तीन अगदी बारीक उलटे टाके घालून सुरू करा. शेवटी मागच्या बाजूच्या चार-पाच टाक्यांखालून सुई सरकवा, एकदा परत फिरवा आणि कापा.

नक्षी छापायला हलक्या रंगाच्या कापडावर पाण्याने जाणारं निळं पेन सोयीचं पडतं. अट एकच: गार पाण्याने रेघ पूर्ण जाईपर्यंत इस्त्री लावायची नाही आणि साबणही लावायचा नाही. उष्णतेने ती खूण कापडात पक्की होऊ शकते. आपोआप उडणाऱ्या जांभळ्या पेनाची रेघ एक-दोन दिवसांत जाते, म्हणून ते एका बैठकीच्या कामापुरतंच. इस्त्रीने पुसली जाणारी पेनं मी कपड्यावर वापरत नाही, कारण त्यांची रेघ जात नाही, फक्त दिसेनाशी होते. खूप थंडीत ती परत उमटू शकते, आणि भाची बर्फाच्या प्रदेशात राहत असेल तर ही गोष्ट लहान नाही. गडद कापडावर भरतकामाचा पांढरा किंवा पिवळा कार्बन घ्या. ऑफिसचा निळा-काळा कार्बन चुकूनही नको, त्यातली तेलकट शाई धुतल्यावरही निघत नाही. एकच नक्षी अनेकदा छापायची असेल तर जुनी पद्धत अजून उत्तम: बटर पेपरवर नक्षी काढून सुईने रेघेवर बारीक भोकं पाडायची आणि रॉकेलमध्ये कालवलेली नीळ किंवा झिंक पावडर कापसाच्या बोळ्याने वरून फिरवायची. बोळा जवळजवळ कोरडा हवा, नाहीतर ठिपके पसरतात. खिडक्या उघड्या ठेवा आणि जवळ गॅस पेटता नको.

बाकीचं पटकन सांगते. चार इंची, टोकापर्यंत धार असलेली लहान कात्री घ्या आणि तिने कागद कापू नका, घरातल्यांनाही सांगून ठेवा. जाड कापडावर सुई ढकलायला मधल्या बोटाला अंगुस्तान. उसवायला बारीक टोकाचा चिमटा. उजव्या हाताने भरत असाल तर उजेड डाव्या खांद्यावरून यावा, म्हणजे हाताची सावली टाक्यावर पडत नाही, डावखुऱ्यांनी उलट. रंग मात्र दिवसाउजेडीच निवडा.

सुया स्पंजच्या गादीत खोचून ठेवू नका, स्पंज दमट हवा धरून ठेवतो. मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात चार दिवसांत सुईवर गंजाचे ठिपके येतात. कोरड्या लोकरी कापडाच्या पानांत खोचा आणि डब्यात बंद करा. काम अर्धवट ठेवताना सुई कापडातच टोचून ठेवायची सवय असेल तर ती मोडा, गंजाचा डाग साबणाने जात नाही.

म्हणजे तुमच्यासाठी खरेदी अशी: मिश्र सुयांचं एक पाकीट, दहा-बारा सुती लड्या, ६ इंची लाकडी रिंग, अर्धा मीटर मांजरपाट, लहान कात्री आणि एक निळं पेन. अंगुस्तान, चिमटा गरज पडेल तेव्हा. जरीचा दोरा, आरी आणि स्टँडची चौकट सध्या घेऊ नका. आरीकाम हे वेगळं तंत्र आहे, त्याची सुई आकड्याची असते आणि कापड चौकटीवर ताणून दोन्ही हात मोकळे ठेवावे लागतात. कापड आणि दोरा शक्यतो हात लावून घ्या. पुण्यात बोहरी आळी-तुळशीबाग, मुंबईत भुलेश्वरला एका फेरीत सगळं मिळतं. परदेशात असाल तर मॅटी शोधत बसू नका, आयडा सहज मिळतं.

राहिला तुमचा तो डाग पडलेला कुर्ता. त्यावर अजून इस्त्री केली नसेल तर आशा आहे. भरपूर गार पाण्यात थोडी साबण पावडर टाकून पूर्ण बुडवून ठेवा, पाणी लाल झालं की बदला, आणि पाणी स्वच्छ राहीपर्यंत हे करत राहा. एक-दोन दिवसही लागू शकतात. मधे वाळू देऊ नका आणि पिळूही नका. ब्लीच टाळा, त्याने बाकीच्या दोऱ्यांचेही रंग उडतात. पाणी स्वच्छ राहिलं की टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा आणि सावलीत सपाट वाळवा. इस्त्री करताना जाड टॉवेलवर कुर्ता पालथा टाका आणि उलट बाजूने करा, म्हणजे फुलं टॉवेलच्या लवेत बसतात आणि चपटी होत नाहीत. आणि किटमधले दोरे फेकू नका. मांजरपाटावर टाके गिरवायला, आणि फ्रेम करून भिंतीवर लावायच्या, कधी पाण्यात न जाणाऱ्या कामाला ते चांगले उपयोगी पडतील.